हूटगळ्ळीच्या गच्चीवरचा शनी

म्हैसूरला फिरायला आलेला माणूस हूटगळ्ळीला येत नाही. तुम्ही आलात तरी राजवाडा बघाल, चामुंडी टेकडी चढाल, प्राणिसंग्रहालय, संध्याकाळी वृंदावन गार्डनची कारंजी, आणि परतताना म्हैसूरपाकाचा डबा. हूटगळ्ळी लागते ती कूर्ग किंवा हुणसूरकडे जाताना, गाडीच्या खिडकीतून. कारखान्यांच्या शेड, मालाचे ट्रक, रिंग रोडची वर्दळ, मग घरांची वसाहत. एवढ्यात गाव मागेही पडतं.

आधी नावाचा घोळ मिटवू. मराठी माणूस पाटी वाचतो आणि विचारतो, ‘कुठली गल्ली म्हणालात?’ गल्ली नाही हो. कानडीत हळ्ळी म्हणजे गाव. हूटगळ्ळी, शेजारची मेटगळ्ळी, पलीकडची कूर्गळ्ळी, सगळी मुळात खेडीच. आता खेडेपण फार उरलेलं नाही. पण आमच्या घरामागे अजून एक नारळाची बाग आहे, आणि पश्चिमेकडे, हुणसूरच्या दिशेला, रात्री अंधार बऱ्यापैकी टिकून असतो.

मी मूळची मिरजेची. इथल्या एका छोट्या कारखान्यात तपासणी विभागात काम करते. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि डायल गेज. एखादा भाग ड्रॉइंगपेक्षा दोन शतांश मिलिमीटरने जाड निघाला तर तो बाजूला काढायचा, हे माझं काम. म्हणून पुढची गोष्ट सांगताना जरा लाज वाटते. मायक्रॉनमध्ये पगार खाणाऱ्या बाईने स्वतःच्या वडिलांना शनी दाखवताना जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरची चूक केली, आणि ती चूक आठवडाभर तिच्या लक्षातही आली नाही.

गोष्ट २०२५ च्या जानेवारीतली. तुम्हाला आठवत असेल, तेव्हा वर्तमानपत्रांत ‘ग्रहांची रांग’ गाजत होती. संध्याकाळी पश्चिमेला शुक्र आणि शनी, डोक्यावर गुरू, पूर्वेला लालबुंद मंगळ. १८ जानेवारीच्या सुमारास तर शुक्र आणि शनी आकाशात दोन-अडीच अंशांवर आले होते. आई आणि आप्पा संक्रांतीच्या आधीच शरावती एक्सप्रेसने आमच्याकडे आले होते. फेब्रुवारीत आप्पांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं. डावा दोन वर्षांपूर्वी झाला होता.

आप्पा एसटीत ड्रायव्हर होते. बत्तीस वर्षांत निम्म्याहून जास्त ड्युट्या रात्रीच्या. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे बघून ती ट्रक आहे की जीप, हे ते मैलभरावरून सांगत. त्या माणसाला आता चहाच्या कपावरची माशी दिसत नव्हती. त्याबद्दल ते बोलत नसत. पण रात्री जिना उतरताना पहिली पायरी पायाने चाचपून बघत, ते मी बघितलं होतं.

माझ्याकडे सहा इंची दुर्बीण आहे, बंगळुरूच्या एका हौशी माणसाकडून जुनी घेतलेली. आरसा १५० मिलिमीटरचा, नाभीय अंतर १२०० मिलिमीटर, म्हणजे एफ/८. लाकडी बैठकीवर पत्र्याची लांब नळी, तोफेसारखी. शनीच्या कड्यांची गंमत अशी की त्या वर्षी ती मिटत चालली होती. साधारण चौदा-पंधरा वर्षांनी एकदा आपण त्या कड्यांच्या अगदी पातळीत येतो आणि ती कडेने दिसू लागतात. कडी पावणेतीन लाख किलोमीटर रुंद आहेत, पण जाडी बहुतेक ठिकाणी काही दहा मीटरच. कडेने बघितल्यावर ती दिसणार कशी? या आधी हे २००९ च्या सप्टेंबरमध्ये झालं होतं. या वेळी २३ मार्च २०२५ ला व्हायचं होतं, तेही शनी सूर्याजवळ असताना. म्हणजे संध्याकाळचा शनी फेब्रुवारीतच क्षितिजाकडे घसरणार. आप्पा दहा फेब्रुवारीला मिरजेला परतणार. कडं पुन्हा चांगलं उघडायला काही वर्षं जाणार. आप्पांचं वय सत्त्याहत्तर. मी हिशोब मोठ्याने केला नाही.

‘शनीकडं मुद्दाम कशाला बघायचं?’ आईचं म्हणणं. साडेसातीत लोक त्याची नजर चुकवतात आणि तुम्ही त्याला शोधायला गच्चीवर निघालात! आप्पा म्हणाले, ‘तो बघतोय तर आपण बी बघू की.’

१९ जानेवारी, रविवार. रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास राजवाड्याचे लाखभर दिवे लागतात. आमच्या गच्चीवरून तो नऊएक किलोमीटरवर, आग्नेयेला. इमारत दिसत नाही, पण दिवे लागले की त्या बाजूचं आकाश पिवळसर होतं. आम्हाला काम पश्चिमेला होतं. मी खोलीतून दुर्बीण उचलून गच्चीवर नेली, चष्मा काढला, शनी पकडला, चाक फिरवून फोकस केला आणि सगळ्यांना एकेक करून बोलावलं.

नवरा म्हणाला, छान. चौथीतली लेक म्हणाली, वॉव. घरमालकांच्या आजी वर आल्या होत्या, त्यांना मी विचारलं, ‘काणस्ता?’ म्हणजे दिसतंय का. त्यांनी हात जोडले. आप्पांनी उजवा डोळा लावला, बराच वेळ वाकून उभे राहिले आणि म्हणाले, ‘दिसलं की गं. झकास.’

दुर्बिणीपाशी उभं राहून दुसऱ्यांना आकाश दाखवणाऱ्या प्रत्येकाला हा ‘दिसलं’ माहीत असतो. मागे रांग असते, दाखवणारा उत्साहात असतो, पोर अपेक्षेने बघत असतं. माणूस भला असेल तर दिसलं म्हणतो. आप्पा फार भले आहेत.

ते उघडकीला आणलं लेकीने. तिच्या शाळेत ग्रहांच्या रांगेवर चार ओळी आणि एक चित्र आणायला सांगितलं होतं. ‘आजोबा, तुम्हाला कसा दिसला तसा काढा.’ आप्पांनी पेन्सिल घेतली आणि कॅलेंडरवर असतो तसा शनी काढला. ऐटबाज, तिरपं रुंद कडं, मधे फट. तसा शनी त्या महिन्यात जगात कुणालाच दिसत नव्हता. कड्यांचा कल जेमतेम तीन-चार अंश होता. दुर्बिणीतून तो सुई टोचलेल्या मण्यासारखा दिसायचा. मी चित्र बघितलं आणि काही बोलले नाही. आप्पांनीही माझ्याकडे बघितलं आणि काही बोलले नाहीत.

त्या रात्री मी बसून हिशोब केला. तोच तुम्हाला सांगते, कारण तुमच्या घरीही कुणी हौसेने दुर्बीण आणली असेल आणि ती आता माळ्यावर असेल, तर बहुतेक कारण हेच असणार.

माझा चष्मा उणे चार. दुर्बिणीला मी दहा मिलिमीटरचा आयपीस लावला होता, म्हणजे १२० पट. चष्मा काढून मी फोकस केला की आयपीस चष्म्यावाचून स्वच्छ दूरचं दिसणाऱ्या माणसाच्या जागेपेक्षा ०.४ मिलिमीटर आत सरकतो. आकडा फुटकळ वाटतो. पण एफ/८ दुर्बिणीत प्रतिमा खऱ्या अर्थाने तीक्ष्ण असते तो पट्टा सगळा मिळून ०.१७ मिलिमीटरचा. एफ/५ ची आखूड दुर्बीण असेल तर ०.०७, म्हणजे केसाच्या जाडीएवढा. ०.४ मिलिमीटर चुकलं की माझ्या दुर्बिणीत प्रत्येक बिंदूचा साडेआठ आर्कसेकंदांचा धब्बा होतो. आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. आणि शनीचं कडं त्या दिवसांत रुंदीला दोन-अडीच आर्कसेकंद होतं. म्हणजे मी आप्पांना कडं दाखवत नव्हते. त्यांच्यापुढे एक लांबट पिवळा डाग होता.

मग लेकीला स्वच्छ कसं दिसलं? नऊ वर्षांच्या डोळ्याचं भिंग लवचीक असतं, ते चुकीचा फोकस आतल्या आत सावरून घेतं. ऑपरेशन झालेल्या डोळ्यात बसवलेलं भिंग सावरत नाही. आणि आप्पांनी तर डोळाही चुकीचा लावला होता. सगळे उजवाच लावतात, म्हणून त्यांनी उजवा लावला, मोतीबिंदू असलेला. मी विचारलंसुद्धा नव्हतं.

गॅलिलिओचं आठवलं. १६१० मध्ये त्याला शनी तीन गोळ्यांचा वाटला, मधला मोठा आणि दोन बाजूंना दोन कान. १६१२ मध्ये कडी अशीच कडेवर आली आणि कान नाहीसे झाले, तेव्हा तो चक्रावून गेला. हे कडं आहे हे ह्युजेन्सने ओळखलं आणि १६५९ मध्ये छापून सांगितलं. मधे जवळजवळ पन्नास वर्षं गेली, कारण काचा तितक्या चांगल्या नव्हत्या. माझी काच गॅलिलिओच्या काचेपेक्षा शंभरपट चांगली. तरी आप्पा त्याच्याही मागे.

पुढचे दिवस मी तयारीत घालवले. पहिली गोष्ट जागेची. आमची गच्ची दिवसभर तापते. म्हैसूरची जानेवारी म्हणजे दुपारी एकोणतीस-तीस, पहाटे सोळा-सतरा. सूर्य मावळला की स्लॅब रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो, आणि ती हवा दुर्बिणीसमोरून वर जाते. चुलीवरून पलीकडचं बघितलं की कसं लवलवतं, तसं. शिवाय पश्चिमेला शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट. शनी बरोबर त्यांच्या फोडणीवर टेकलेला. मालकांच्या परवानगीने दुर्बीण खाली, मागच्या नारळाच्या बागेजवळच्या मातीच्या जागेत नेली. माती लवकर निवते. झावळ्यांमधून पश्चिमेचा एक तुकडा मोकळा होता, तेवढा पुरे. आणि आप्पांना जिनाही चढायला नको.

दुसरी गोष्ट, वेळ. आतल्या खोलीतून दुर्बीण बाहेर आणून लगेच बघायला लागणं ही माझी जुनी खोड. आरसा उबदार असतो आणि त्याच्यावरची हवा नळीतच उकळत राहते. सहा इंची आरशाला तासभर तरी द्या. पत्र्याची सव्वा मीटरची नळी दहा अंश थंड झाली की जवळजवळ दीड दशांश मिलिमीटर आखडते, म्हणजे साडेसहाला केलेला फोकस साडेसातला राहत नाही. लोक म्हणतात दुर्बीण बिघडली. बिघडत नाही, गारठते. दर वीस मिनिटांनी चाकाला हात लावायचा, एवढंच. मी पाच वाजताच ती बाहेर ठेवली, तोंड झाकून.

उजेड असतानाच फोकसची ढोबळ जागा गाठून ठेवायची, ही तिसरी. त्यासाठी चामुंडीसारखी देवी नाही. आमच्या इथून मंदिराचं गोपुर बारा-तेरा किलोमीटरवर. त्यावर फोकस केलात तर ताऱ्यांच्या फोकसपासून तुम्ही मिलिमीटरच्या जेमतेम दहाव्या भागाने लांब असता. समोरच्या पाण्याच्या टाकीवर केलात, तीनशे मीटरवरच्या, तर पाच मिलिमीटर. बागेतून गोपुर दिसत नाही, म्हणून मी गच्चीवरच फोकस करून नळीवर पेन्सिलने खूण करून घेतली आणि मग दुर्बीण खाली उतरवली. तुमच्या गावात टेकडीवरचं देऊळ असेलच, मनोरा असेल, पवनचक्की असेल. दहा किलोमीटरवरचं काहीही चालतं.

ग्रहावर फोकस करू नका, हे मी पूर्वी पुण्याला ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या एका कार्यक्रमात ऐकलं होतं आणि विसरले होते. ही संस्था १९४४ पासून हौशी लोकांना आकाश दाखवते आहे, तिथल्या जाणत्यांना या चुका पाठ असतात. ग्रह म्हणजे मुळात गोळा, तो कधी तीक्ष्ण झाला ते कळत नाही. तारा बिंदू असतो. ब्रह्महृदय किंवा रोहिणी पकडा. चाक फिरवा. तारा मेदूवड्यासारखा दिसेल, मधे भोक. हे भोक वड्याच्या बरोबर मधे नसेल तर आरसे जुळलेले नाहीत, आधी ते जुळवा, नाहीतर फोकस कितीही केला तरी उपयोग नाही. मग वडा लहान करत न्या, बिंदू होईल, पुढे जा, पुन्हा वडा होईल, परत या. स्वस्त फोकसरच्या दात्यांमध्ये प्ले असतो, आम्ही कारखान्यात बॅकलॅश म्हणतो. म्हणून शेवटची हालचाल नेहमी एकाच दिशेने, नळी वर ढकलत. ही गोष्ट मी रोज मशीनवर करते. घरी सुचली नव्हती.

ओळखीच्या लेझर कटिंगवाल्याकडून मी एक मुखवटाही कापून आणला. पावेल बाह्तिनोव नावाच्या रशियन हौशी माणसाने २००५ मध्ये शोधलेला. तोंडावर लावायच्या झाकणात तीन दिशांच्या फटी. तेजस्वी ताऱ्याभोवती तीन किरण दिसतात, मधला किरण इतर दोघांच्या बरोबर मधे आला की फोकस झाला. कॅमेरा लावणाऱ्यांना हे वरदान आहे. डोळ्याने बघणाऱ्यांना त्याचा उपयोग असा की ‘आता बरं दिसतंय का’ या प्रश्नाऐवजी ‘मधली रेघ मधे आहे का’ हा प्रश्न विचारता येतो. भला माणूस पहिल्याला हो म्हणेल. दुसऱ्याला त्याला बघावंच लागतं.

जानेवारीच्या शेवटी एका संध्याकाळी आम्ही बसलो. हो, बसलो. स्टूल ठेवलं, कारण वाकून उभा असलेला माणूस हलतो आणि त्याच्याबरोबर सगळं हलतं. बैठकीखाली रबराचे तुकडे घातले. हुणसूर रस्त्यावरून भरलेला ट्रक गेला की तरी तारा थरथरायचा. आप्पा आवाजावरून म्हणाले, ‘दहा चाकी. लोड आहे. जाऊ दे त्याला.’ आम्ही जाऊ दिला.

त्या रस्त्यावर पुढे येलवाळ लागतं. १९५७ च्या सप्टेंबरमध्ये विनोबांची ग्रामदान परिषद तिथे भरली होती, नेहरू आणि राजेंद्रप्रसाद आले होते. आप्पांना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत. ट्रक जाईपर्यंत त्यांनी ते लेकीला सांगून टाकलं. एरवी मी म्हटलं असतं, आप्पा, आत्ता नको. पण आरसा निवत होता आणि घाई कसलीच नव्हती. लेकीला त्यांनी दक्षिणेकडे अगस्त्य दाखवला, तो नुकताच वर येत होता. मिरजेत तो फार तर विसेक अंशांपर्यंत चढतो, इथे पंचवीस. ‘आमच्यापेक्षा तुमचा अगस्त्य जरा वरच्या मजल्यावर राहतो,’ असं त्यांनी सांगितल्यावर तिने ते लगेच वहीत लिहिलं.

मग मी रोहिणी पकडली, मुखवटा लावला आणि आप्पांना डावा डोळा लावायला सांगितला, चष्म्याशिवाय. त्यांचा हात धरून चाकावर ठेवला.

‘मी फिरवू? बिघडलं तर?’

‘बत्तीस वर्षं गिअर टाकलेत आप्पा. बिघडतंय कशाला.’

त्यांच्या हाताला सवय होती. प्ले कुठे संपतो ते त्यांना दोनदा फिरवल्यावर कळलं, मला महिना लागला होता. ‘मधली रेघ डावीकडं आहे… अजून… आता मधे.’ मी काहीच बघितलं नाही. मुखवटा काढला, शनी आणून दिला आणि बाजूला झाले.

ते गप्प होते. शनी जेमतेम पंचवीस अंशांवर होता, तिथली हवा जाड, प्रतिमा पोहत असते. मधेच एक-दोन सेकंद हवा थांबते आणि सगळं कोरल्यासारखं दिसतं. त्यासाठी बसून राहावं लागतं. मी हे सांगितलं नव्हतं. रात्रीच्या धुक्यात गाडी चालवलेल्या माणसाला सांगायची गरज नसावी. पाच मिनिटं झाली, सात झाली. नारळाच्या झावळीत शनी शिरेल म्हणून मी नळी जराशी सरकवत राहिले. आई शाल घेऊन आली आणि काही न बोलता उभी राहिली.

‘कडं नाहीच की हे,’ आप्पा म्हणाले. ‘रेघ आहे नुसती. गोळ्यातनं आरपार गेल्यागत.’

‘आणि?’ लेकीने विचारलं.

‘आणि लांब एक ठिपका आहे. बारीक. मधे गेला होता, आता परत आला.’

लेकीने वही पुढे केली. आप्पांनी मोबाइलच्या उजेडात चित्र काढलं. एक लहान गोल, त्यातून आडवी रेघ, आणि उजव्या हाताला रेघेच्या चारपट अंतरावर एक ठिपका. कॅलेंडरवर असा शनी नसतो.

तिने लगेच माझ्या फोनवरचं आकाशाचं ॲप उघडलं. ‘चूक आहे आजोबा. टायटन दुसऱ्या बाजूला आहे.’ आप्पांचा चेहरा जरा पडला. मग मला आठवलं की या दुर्बिणीत सगळं उलटं फिरून दिसतं. मी वही तिच्या हातातून घेतली, हळूहळू फिरवत नेली. रेघ फोनमधल्या रेघेशी जुळली, ठिपका त्याच बाजूला आला, अंतर अगदी तेवढंच.

आई म्हणाली, ‘आता मला बघू दे.’ आप्पा उठले, स्टूल तिच्यासाठी पुढे ओढलं आणि म्हणाले, ‘आधी चाक तुझ्या डोळ्याला लावून घे. माझ्या फोकसवर जाऊ नकोस.’